सखू धवलारणीची हनुवटी

पालेगावात सखूचं तोंड तिच्या एकटीच्या मालकीचं कधीच नव्हतं. धवलारीण म्हटली की तसंच व्हायचं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो उशिरा आणि जातो लवकर. हळदीपासून मांडवात ठाण मांडून धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी, कुठल्या वेळी काय करायचं ते सांगणारी आणि प्रसंगी वरमाईलाही डोळ्यांनी दटावणारी बाई म्हणजे धवलारीण. सखू हे काम तरुणपणापासून करत आली होती. त्यामुळे आसपासच्या चार गावांत असं घर सापडणं मुश्कील, ज्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये सखू नाही. नवरीच्या गालाला हळद लागतेय आणि शेजारी सखूचं तोंड उघडं. आता ज्या बाईचा फोटो आपल्या कपाटात आहे, तिच्या तोंडाबद्दल दोन शब्द बोलायला काय हरकत, असं लोकांना वाटायचं, आणि ते बोलायचे.

हे तोंड जन्मापासून सरळ नव्हतं. खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला आणि जरा डावीकडे कललेला. ही बापाकडची देणगी. वांगणीला तिच्या माहेरी ती हनुवटी बापाला होती, आज्याला होती. भाऊ हरिचंद्र तेवढा वाचला, पण त्याच्या मुलीच्या, पायलच्या तोंडावर ती बरोब्बर उतरली. समोरचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत. त्यामुळे तांदळाच्या भाकरीचा तुकडा सखूने कधी दाताने तोडला नव्हता. हाताने बारीक करायचा आणि मागच्या दाढांकडे सरकवायचा. पंगतीतले सगळे उठून सुपारी कातरायला लागले तरी सखूच्या ताटात अर्धा भात शिल्लक. लोक म्हणायचे, सखू चवीने जेवते.

मग एका हळदीत, गाणं ऐन रंगात असताना तिचा जबडा अडकला. उघडलेलं तोंड मिटेचना. बायकांना वाटलं, आज सखूने काय सूर लावलाय. कॅमेरावाला तर अजून जवळ आला. जिच्याकडून सखू धवले शिकली ती चुलत सासू जनाबाई शेजारीच होती. तिने काय झालंय ते ओळखलं, गाणं स्वतःच्या गळ्यावर घेतलं आणि पदराआड सखूला बाहेर काढलं. त्या दिवसापासून दवाखाने सुरू झाले. आधी अंबरनाथचा दातांचा डॉक्टर, मग मुंबईचं मोठं सरकारी रुग्णालय. दोन वर्षं दातांना तारा. चाळिशीकडे निघालेली बाई शाळकरी पोरीसारख्या तारा लावून मांडवात बसायची आणि वऱ्हाडातली पोरं तिला तारांवाली धवलारीण म्हणायची. शेवटी ऑपरेशन झालं. जबड्याचं हाड कापून मागे सरकवलं, पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवलं. ते सगळं तोंडाच्या आतून केलं, त्यामुळे बाहेर एक व्रणसुद्धा नाही.

इथेच गावाची चूक झाली. ऑपरेशन चावण्यासाठी होतं, आणि गाव समजून बसलं दिसण्यासाठी. सखू घरी आल्याचं कळताच बायका नव्या सुनेचं तोंड बघायला यावं तशा रीतीने आल्या, ओटी, नारळ, पेढे घेऊन. सखूचे दात वरखाली रबरांनी बांधलेले, तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, आणि पुढ्यात पेढ्यांचा ढीग. बायकांनी नीट न्याहाळलं आणि निकाल दिला की सूज उतरली की बघा कशी दिसेल. सूज उतरली. चेहरा पहिल्यापेक्षा सरळ झाला, पण हनुवटी किंचित डावीकडे राहिली आणि कानाखालच्या हाडाला एका बाजूला बारीकशी खाच आली. गाव मात्र थांबायला तयार नव्हतं. वर्ष झालं तरी म्हणायचं, अजून थोडी सूज दिसते. दोन वर्षं झाल्यावर लोकांनी आशा सोडली आणि नवा प्रश्न धरला. एवढं मोठं ऑपरेशन केलं, मग तोंड असं कसं?

सखूला काय मिळालं ते कोणी विचारलं नाही. रबरं सुटून बरेच महिने झाल्यावर एका दुपारी ती घरात एकटी होती. तव्यावरची भाकरी तिने उचलली, समोरच्या दातांत धरली आणि तोडली. तुकडा सरळ तुटला. जवळा-भाकरी तिने त्या दिवशी अशी चावून खाल्ली, आणि खाता खाता तिला रडू फुटलं. गमावलं काय, तेही तिलाच माहीत. खालचा ओठ पूर्ण बधिर झाला होता. जबड्याच्या हाडातून ओठाला जाणारी नस दुखावते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि मांडवात बसून शब्द ओठांवरून घसरणं वेगळं. प, ब, म म्हणताना ओठ कुठे आहे ते कळायचं नाही. लग्नाचा अख्खा हंगाम गेला. मग रोज भांडी घासताना, तांदूळ निवडताना ती एकेक धवला पहिल्यापासून म्हणत राहिली. हळूहळू उजवा अर्धा ओठ जागा झाला. डावा अजूनही झोपलेला आहे. भाताचं शीत तिथे चिकटलं तर कळत नाही, म्हणून जेवताना ती पदराने सारखं तोंड पुसते.

तर अशी ही सखू. आणि तिच्यामागे लागली होती तिची नणंद शीला.

शीला वाईट असती तर बरं झालं असतं, एकदा भांडून विषय मिटवता आला असता. पण शीला प्रेमळ, आणि प्रेमळ माणसाला अडवायचं कसं? बदलापूरला तिचं ब्युटी पार्लर. दिवसभर हाताखाली चेहरे, आणि मोकळा वेळ मिळाला की मोबाइलवर चेहरेच. जॉलाइन, म्हणजे कानापासून हनुवटीपर्यंतची जबड्याची रेघ, हा शब्द तिने घरात आणला.

"वहिनी, हत्ती गेला नि शेपूट राहिलाय तुजा," ती म्हणायची. "एवढा जबडा कापलास, आता जराशी जॉलाइन करायला काय होतं? लग्नात आता ड्रोन असतो गो. स्क्रीनवर तुजं तोंड केवढं मोठं दिसतं."

"मग स्क्रीनवर नका दाखवू."

"असं कसं? धवलारीण दाखवायलाच लागते."

सखूचा नवरा बबन एमआयडीसीत कामाला. त्याने एकदाच विचारलं होतं, "तुना दुखतं का?" सखू नाही म्हणाली. "मग झालं," म्हणून तो टीव्ही बघायला लागला. त्याच्यापुरता विषय संपला. पण बाकी कोणाचा संपत नव्हता. लग्नाला जावं तर वरमाई, दळण आणायला जावं तर गिरणीवाली, आणि घरी यावं तर व्हॉट्सॲपवर शीलाने पाठवलेली कोणा परदेशी बाईची आधीची हनुवटी आणि नंतरची हनुवटी. सखू पहिल्या वर्षी सगळ्यांना नीट समजावून सांगायची. दुसऱ्या वर्षी थोडक्यात सांगायची. आता नुसती हसायची, आणि तेही अर्ध्या ओठाने. ती थकली होती. कामाने माणूस थकतो तशी नाही. एकाच प्रश्नाला वर्षानुवर्षं उत्तर देऊन माणूस थकतो, तशी.

शेवटी शीलाने परस्पर उल्हासनगरच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि त्याच दिवशी तिला नवरीचा मेकअप निघाला, म्हणून सखू एकटीच निघाली. शेअर रिक्षात दोन बायकांच्या मधे अंग चोरून बसली होती, पण मनातून जरा हलकी होती. तिचं तिने ठरवलं होतं. डॉक्टरांना विचारायचं, एकदा जबड्याचं ऑपरेशन झाल्यावर परत दिसण्यासाठी करता येतं का. डॉक्टर म्हणणार, छे, एकदा कापलेलं हाड परत कसं कापणार? ते ‘नाही’ पदरात पाडून घेऊन घरी यायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. ती होकारासाठी नाही, नकारासाठी निघाली होती.

दवाखाना कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली गाठोडी चढवणाऱ्यांची आरडाओरड, वर काचेचा दरवाजा आणि एसी. डॉक्टर जिज्ञासा मॅडम वयाने लहान, पण घाई नसलेल्या. त्यांनी सखूचे जुने एक्स-रे दिव्यावर धरले, तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं, दातांची बसण बघितली. मग कापसाची वात ओठावरून फिरवत विचारलं, "इथे कळतंय? इथे?"

"इकडे कळतं. तिकडे नाय."

"पहिलं काम बहोत अच्छा झालंय," मॅडम म्हणाल्या. "दात एकदम बरोबर बसतात. किसने किया?"

"सरकारीत झालं. आता मना एवढंच सांगा, यावर परत हनुवटीचं होतं का? दिसायसाठी?"

"होतं ना," मॅडम म्हणाल्या.

"होतं?" सखूने परत विचारलं.

मॅडमनी समजावून सांगितलं. हाड पूर्ण जुळून आलंय, चार वर्षं होऊन गेलीत, तेव्हा करता येतं. आधी स्कॅन काढून हाड किती आहे, पट्ट्या कुठे आहेत, नस कुठून जाते ते बघावं लागेल. हनुवटीचा तुकडा मधोमध आणता येतो, कडेची खाच भरता येते, वाटेत येत असतील तर पट्ट्या काढता येतात. ऑपरेशन नको असेल तर इंजेक्शनने थोडंफार झाकता येतं, पण ते कायम टिकत नाही. "मात्र एकदा केलेल्या जागी परत जाणं पहिल्यासारखं सोपं नसतं. आतून व्रण असतात. आणि ही नस, जी अर्धी परत आली आहे, तिला धोका असतो. ओठ परत बधिर होऊ शकतो. काही महिने, किंवा कायमचा. मी होणारच असं म्हणत नाही, पण होऊ शकतं."

मॅडमनी तिच्या हातात आरसा दिला. "तुम्हाला काय खटकतं ते दाखवा."

"शीला बोलते, हनुवटी डावीकडे हाय. गिरणीवाली बोलते, कानाखाली खड्डा हाय. आणि गेल्या लग्नात नवऱ्याची मावशी बोलली..."

"त्यांना नाही विचारत. तुम्हाला?"

सखूने आरशात बघितलं. बघत राहिली. तिला तिथे बापाची हनुवटी थोडी सुधारलेली दिसली, बाकी काही दिसलं नाही.

"मना काय नाय खटकत," ती म्हणाली. "मना सगळ्याचा कंटाळा आयलाय."

"मग नका करू. पहिलं ऑपरेशन गरजेचं होतं. हे फक्त इच्छेचं आहे. इच्छा तुमची नसेल, तर कोणासाठी करायचं?"

इतकं सरळ होतं ते. पण जिना उतरताना सखूला कळून चुकलं की हे सरळ उत्तर घरी चालणार नाही. तिने डॉक्टरांचा नकार मागितला होता आणि डॉक्टरांनी तो तिच्याच गळ्यात परत घातला होता. आता नको म्हणायचं तर स्वतःच्या नावावर म्हणायला हवं, आणि सखूचं नको म्हणजे काय, सगळ्यांच्या आग्रहाची सुरुवात. घाबरतेस का? आम्ही हाव ना! परतीच्या रिक्षात पालेगावच्या नव्या इमारती दिसायला लागेपर्यंत तिने ठरवून टाकलं.

घरी शीला मेकअपची पेटी घेऊन हजरच होती. पायलही होती. ती अंबरनाथला कॉलेजात शिकत होती आणि आठवडाभर आत्याकडेच राहायची. तिच्या दातांनाही तारा लागल्या होत्या. त्याच सरकारी रुग्णालयात तिचंही ऑपरेशन व्हायचं होतं, आता वाढ थांबलीय असं डॉक्टर म्हणाले होते.

"काय बोलली डॉक्टर?" शीलाने विचारलं.

"नाय होत," सखू म्हणाली. "एकदा केलं की केलं. जबड्याला परत हात लावत नाय."

शीलाचा चेहरा पडला. तिने सखूला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. पुढचे काही आठवडे सखूच्या आयुष्यातले निवांत आठवडे होते. शीलाने बातमी पसरवायचं काम चोख केलं. मांडवात आता बायका तिच्याकडे बघून हळहळायच्या, बिचारी, डॉक्टरांनीच हात टेकले म्हणतात, आणि पुढच्या विषयाकडे वळायच्या. सखूला दया परवडली. दयेला उत्तर द्यावं लागत नाही. ती मोकळ्या गळ्याने गायली, आणि जनाबाईसुद्धा म्हणाली की यंदा तुझा आवाज बसलेला नाही.

मग हरिचंद्राचा फोन आला. पायल ऑपरेशनला नको म्हणते. दोन वर्षं तारा घातल्या, सोमवारी ऑपरेशनची तारीख ठरवायला बोलावलंय, आणि आता पोरगी अडून बसली. आई रडते, मी ओरडलो, ऐकत नाही. तू सांग, तुझं ऐकेल.

पायल आतल्या खोलीत वडापाव खात होती. खात होती म्हणजे पावाचे चिमूट चिमूट तुकडे करून तोंडात मागे ढकलत होती. ऑपरेशनच्या आधी तारांनी दात अशा जागी आणून ठेवतात की चावणं पहिल्यापेक्षाही अवघड होतं. सखू तिच्याकडे बघत दारात उभी राहिली. चाळीस वर्षांत तिने स्वतः किती घास असे खाल्ले असतील, कोण जाणे.

"काय गो बाय, सोमवारी जायाचं नाय म्हणतंस?"

"नाही जाणार," पायलने मान वर केली नाही. "तू नाराज होऊ नको आत्या, तुझ्यावर काही नाहीये. पण तूच बोलली ना, एकदा केलं की केलं. तुझं थोडं तिरकं राहिलं, तर आता लाइफटाइम तसंच. माझं जास्त बिघडलं तर? मैं क्या करूंगी? एकच चान्स असेल तर मला नको. हे आत्ताचं तोंड निदान माझ्या सवयीचं तरी आहे."

सखू तिच्यासमोर खाली बसली. स्वतःच्या शांततेसाठी तिने एक वाक्य सोडलं होतं, आणि ते जाऊन या पोरीच्या घासात अडकलं होतं. तिला लाज वाटली. आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, रागही आला. खरं बोललं की सगळं चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरणार. शीला, ड्रोन, परदेशी हनुवट्या. त्या विचारानेच तिचे खांदे दुखायला लागले. पण पायलने पावाचा आणखी एक चिमटा काढला, मागे ढकलला, आणि पाण्याचा घोट घेऊन कसाबसा गिळला.

"डॉक्टर होतं बोलली," सखू म्हणाली.

पायलने वर बघितलं.

"परत करता येतं. हाड जुळलं की स्कॅन काढतात, बघतात, नि करतात. सोपं नाय. ओठाची नस जाऊ शकते. पण होतं. मी खोटं बोलली."

"का?"

"मना नको होतं. उजवा ओठ मी वरीस घालवून परत आणलाय. त्यावर मना सुरी फिरवायची नाय. आणि खरं सांगू, मना माजं तोंड खटकतच नाय."

"मग तेच बोलायचं ना सगळ्यांना."

"माजं नको कोण ऐकतं? डॉक्टरचं ऐकतात."

पायलने उरलेला वडापाव बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "आणि मी नको म्हटलं तर तू ऐकशील?"

हा प्रश्न सखूला कोणी कधी विचारला नव्हता. पटकन हो म्हणणं सोपं नव्हतं, तिला या पोरीने भाकरी दाताने तोडावी असं जिवापाड वाटत होतं. पोटातली ती ओढ तिने आवरली.

"ऐकेन," ती म्हणाली. "तुज्या बापालाही मी सांगेन. पण माज्या खोट्यावर नको म्हणू नको. खरं सगळं ऐक, डॉक्टरला विचार, मग काय ते बोल."

रविवारी जेवायला शीला आली. बबन होता, जनाबाई होती, पायलही वांगणीला न जाता राहिली होती. सखूने सगळ्यांना वाढलं, स्वतः बसली, आणि भातात कालवण कालवता कालवता सांगून टाकलं की डॉक्टर नाही म्हणाली नव्हती, हो म्हणाली होती.

"म्हणजे होतं!" शीलाच्या तोंडावर जो आनंद फुलला तो बघून सखूला भरून आलं आणि खचायलाही झालं. खोटं बोलल्याचा राग नाही, काही नाही. उष्टा हात तसाच, डाव्या हाताने तिने मोबाइल उचललासुद्धा. "मी आत्ताच फोन लावतंव मॅडमना. तू कशाला घाबरलीस गो वहिनी? ओठाचं काय, येतो परत. आम्ही हाव ना..."

सखूने तोंड उघडलं. सांगायला हवं होतं. शब्द सगळे जागेवर होते, पण ते उचलायची ताकदच तिच्यात उरली नव्हती. तिने पदराने ओठ पुसला आणि ताटाकडे बघत बसली.

"शीलाताई," पायल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती नको म्हणते."

"अगं, ती घाबरून..."

"घाबरून नाही. तिला नकोय. मी विचारलंय तिला."

शीला दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. नणंद-भावजयीच्या एवढ्या वर्षांच्या नात्यात तिने सखूला ड्रोनपासून इंजेक्शनपर्यंत सगळं सांगितलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं, आणि हे बहुधा तिलाही त्या क्षणी कळलं. तिने मोबाइल उलटा करून बाजूला ठेवला. "नको का गो?" तिने विचारलं, पहिल्यांदाच.

"नको," सखू म्हणाली.

"बरं."

बबनने भात मागितला. जनाबाईने न बोलता कालवणाची वाटी सखूकडे सरकवली. सखू जेवायला लागली, पण घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना, आणि यावेळी ते पुसायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

ताटं उचलताना पायल तिच्याजवळ आली. "उद्या मी जाते हॉस्पिटलला. हो म्हणेन असं नाही. विचारणार आहे सगळं. तू येशील?"

"येईन."

"पण बोलणार मी."

सोमवारी रुग्णालयात डॉक्टरांच्या खोलीत दोघी गेल्या, तेव्हा टेबलामागच्या डॉक्टरने पायलची फाइल उघडली आणि मोठं माणूस म्हणून सखूकडे बघत विचारलं, "मग, तारीख धरायची ना?"

"तिला विचारा," सखू म्हणाली, आणि आपली खुर्ची जरा मागे घेतली.